सँडबाईंच्या कादंबऱ्या

भगिनींनो, स्मरणिकेसाठी काही लिहा असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. घरखर्चाची वही सोडली तर मी लेखणी फारशी हाती धरलेली नाही. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या ओटीवर दुपारी जे वाचन चालले होते त्याविषयीच लिहा, असा त्यांनी आग्रह धरला, म्हणून हा धीर केला आहे.

माझी थोरली मुलगी कॉलेजात आहे. जॉर्ज सँड या फ्रेंच लेखिकेच्या कादंबऱ्यांची इंग्रजी भाषांतरे तिने ग्रंथालयातून आणली होती. ती वाचून मराठीत सांगे आणि मी धान्य निवडता निवडता ऐकत असे. हे दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणे झाले खरे, पण माझी तहान भागली.

नाव पुरुषाचे असले तरी ही बाईच. मूळ नाव ऑरोर द्युपँ. १ जुलै १८०४ रोजी पॅरिसला तिचा जन्म झाला. त्याच वर्षी मार्च महिन्यात फ्रान्सचा नवा दिवाणी कायदा अमलात आला होता. नेपोलियनचा कायदा म्हणतात तो हाच. बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावे, असे त्यात कलमच होते. त्याच्या संमतीवाचून तिला कोर्टात जाता येत नसे की आपली मालमत्ता विकता येत नसे. घटस्फोटाची थोडी वाट होती, तीही १८१६ साली बंद झाली. म्हणजे मुलगी आणि कायदा एकाच वर्षीचे, आणि दोघांचे भांडण जन्मभर चालले.

ती चार वर्षांची असताना वडील घोड्यावरून पडून वारले. आजीने तिला नोआँ या खेड्यातल्या घरी वाढवले. १८२१ साली आजी गेली आणि ते घर व जमीन ऑरोरला मिळाली. पुढच्याच वर्षी कासिमीर द्युदव्हाँ या गृहस्थाशी तिचे लग्न झाले. एक मुलगा झाला, एक मुलगी झाली. घर तिच्या आजीचे, पण कारभार सगळा नवऱ्याचा.

१८३० च्या अखेरीस नवऱ्याच्या मेजात तिला एक पाकीट सापडले. त्यावर तिचेच नाव होते आणि आपल्या मृत्यूनंतर उघडावे असे लिहिले होते. नाव आपले आहे, मग वाट कशाला पाहायची, असे म्हणून तिने ते फोडले. आत तिच्याविषयीचा सगळा राग भरून ठेवलेला होता. वाचून तिने भांडी आपटली नाहीत. निम्मे वर्ष पॅरिसला राहीन आणि माझ्या उत्पन्नातून मला वर्षाला तीन हजार फ्रँक मिळावेत, एवढे तिने ठरवून घेतले आणि जानेवारी १८३१ मध्ये घर सोडले.

तीन हजारात पॅरिसला भागेना, म्हणून तिने लेखणी धरली. पुरुषी कपडे घातले त्याचीच चर्चा लोक अजून करतात. पण तिने स्वतः दिलेली कारणे आपल्याला सहज समजण्यासारखी आहेत. पॅरिसच्या चिखलात बायकांचे नाजूक जोडे टिकत नसत, कपड्यांची नासाडी होई, आणि नाटकगृहात खालच्या स्वस्त जागी बायकांना बसता येत नसे. ज्यूल सांदो या मित्राबरोबर तिने आधी एक कादंबरी लिहिली. त्याच्याच आडनावाचा तुकडा घेऊन १८३२ साली ‘इंदियाना’ ही पहिली स्वतंत्र कादंबरी जॉर्ज सँड या नावाने काढली.

इंदियाना ही एका म्हाताऱ्या कर्नलची तरुण बायको. एकदा ती नवऱ्याला तोंडावर सांगते की, कायद्याने तुम्ही माझे धनी आहात, मला कोंडू शकाल, पण माझ्या मनावर तुमची सत्ता चालणार नाही. हे ऐकले आणि माझ्या हातातले सूप तसेच राहिले. पुढे ती ज्याच्या भरवशावर घर सोडते तो रेमोंही शब्दाचा खोटा निघतो. नवरा वाईट आणि प्रियकर चांगला, असे सोपे गणित सँडबाईंनी मांडले नाही, हे मला फार पटले.

मला सर्वांत आवडली ती १८४६ ची, भुताटकीच्या डबक्याची कादंबरी. जेर्मँ हा अठ्ठावीस वर्षांचा बिजवर शेतकरी. सासराच त्याला दुसरे लग्न कर म्हणतो आणि एका श्रीमंत विधवेचे स्थळ सुचवतो. वाटेत सोबतीला असते मारी, परक्या शेतावर मेंढ्या राखायला निघालेली गरीब पोर. धुक्यात वाट चुकते आणि डबक्याकाठी रात्र काढावी लागते. जेर्मँच्या लहान मुलाला मारी मायेने निजवते, आहे त्यात सर्वांचे जेवण भागवते. पैशापेक्षा ही पोर मोलाची, हे त्याला तिथे उमगते. ही तर आपल्याकडच्या कुठल्याही घरातली गोष्ट.

घर सोडले तरी सँडबाईंनी नोआँ सोडले नाही. घटस्फोट मिळणे शक्यच नव्हते, म्हणून त्यांनी कोर्टातून फारकत मागितली. १८३६ साली निकाल लागून आजीचे घर परत हाती आले. तिथे त्या रात्र रात्र लिहीत आणि फळांचे मुरंबेही करीत. ८ जून १८७६ रोजी त्याच घरात त्या वारल्या. घटस्फोटाचा कायदा परत आला तो १८८४ साली. बायकोला आपली कमाई आपल्या हाती ठेवता आली १९०७ साली, आणि नवऱ्याच्या संमतीवाचून नोकरी करून बँकेत खाते काढता आले ते १९६५ साली.

आता माझी एक गोष्ट सांगते. वडील गेल्यावर भावाने एका कागदावर माझी सही घेतली. ते हक्कसोडपत्र होते. भाऊ वाईट नाही. दिवाळीला साडी आजही येते. मला जमीन हवी होती असेही नाही. पण सही करताना मी तो कागद वाचला नाही. वाचता येत होते, सातवी झाले होते. बायकांनी कागद काय वाचायचे, असे मीच मनात म्हटले. मला कायद्याने हक्क दिला होता आणि तो मी न वाचता सोडला. सँडबाईंना कायद्याने काही दिले नव्हते, तरी त्यांनी आपल्या नावाचे पाकीट फोडून वाचले. पाकिटाचा प्रसंग मुलीने सांगितला तेव्हा मी डोळे पुसले. ती म्हणाली, “आई, यात रडण्यासारखे काय आहे?” मी तिला त्या दिवशी काही सांगितले नाही. आज इथे लिहिते आहे, म्हणजे तीही वाचील.

माझी एक सूचना आहे. महिन्यातून एक दुपार आपण मंडळात वाचनाला द्यावी. अर्धा वेळ कादंबरी वाचावी आणि उरलेल्या वेळात जिने तिने सहीसाठी घरी आलेला कागद आणावा, तो सर्वांनी मिळून वाचावा. सही करायची की नाही हे मग जिचे तिने ठरवावे.

चूकभूल द्यावी घ्यावी.