व्हिडिओ कॉल : वेग घेण्याचा आणि वेग देण्याचा

घरच्या इंटरनेटवरून समोरासमोर बोलण्याची सोय महाराष्ट्रातील शहरी कुटुंबांच्या आवाक्यात आली ती २००५-०६ च्या सुमारास. इंटरनेटवरून संभाषण करण्यास सरकारने १ एप्रिल २००२ पासून मुभा दिली होती. २००३ मध्ये स्काइप अवतरले, २००५ च्या जानेवारीत भारत संचार निगमची ब्रॉडबँड सेवा सुरू झाली आणि वर्षभरातच स्काइपवर आवाजासोबत चित्रही दिसू लागले. परदेशी मुले आणि इकडचे आईवडील यांच्या रविवार सकाळच्या गप्पांना वेबकॅमची जोड मिळाली.

या गप्पांत एक विचित्र प्रकार हमखास अनुभवास येई. पुण्यातील आजी-आजोबांना अमेरिकेतला नातू बऱ्यापैकी स्पष्ट दिसे. नातवाला मात्र आजी-आजोबा चौकटी-चौकटींचे, थिजलेले दिसत. दोष बहुधा कॅमेऱ्याला दिला जाई. वस्तुतः कारण तारेत होते. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारी एडीएसएल ही सेवा मुळातच विषम असते. माहिती घरात येण्याचा मार्ग रुंद आणि घरातून बाहेर जाण्याचा अरुंद. संकेतस्थळे पाहणाऱ्याला ही वाटणी सोयीची. परंतु व्हिडिओ कॉलमध्ये प्रत्येक घर जितके घेते जवळजवळ तितकेच देतेही. ज्याचा देण्याचा मार्ग अरुंद, तो पाहू शकतो, पण नीट दिसू शकत नाही.

सरकारी व्याख्येनेही याच बाजूकडे काणाडोळा केला. २००४ च्या धोरणाने ब्रॉडबँडची किमान मर्यादा सेकंदाला २५६ किलोबिट ठरवली. ती २०१३ मध्ये ५१२ किलोबिट आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट झाली. तिन्ही वेळा मोजला गेला तो केवळ माहिती उतरवून घेण्याचा वेग.

अरुंद वाटेतून चित्र जाते तरी कसे? ३२० बाय २४० ठिपक्यांचे छोटे रंगीत चित्र सेकंदाला १५ वेळा जसेच्या तसे पाठवायचे तर सुमारे २ कोटी ७६ लाख बिट लागतात. १२८ किलोबिटच्या वाटेत ते बसवायचे म्हणजे दोनशे पटींहून अधिक दाबणे आले. त्यासाठी संगणक पूर्ण चित्र वरचेवर पाठवत नाही. आधीच्या चित्रापेक्षा जेवढे बदलले तेवढेच पाठवतो. म्हणूनच पाठीमागे फिरणारा पंखा किंवा हलणारा पडदा बोलणाऱ्याच्या चेहऱ्याच्या वाट्याचे बिट खाऊन टाकतो. कोऱ्या भिंतीपुढे, उजेडात बसण्याचा सल्ला निव्वळ शोभेसाठी नसतो.

पुढे ऑप्टिकल फायबर घरोघरी आले आणि शहरातली ही तक्रार पुष्कळशी मिटली. खुद्द स्काइपही ५ मे २०२५ रोजी बंद झाले. डोंगराळ भागातील प्रश्न मात्र वेगळा आहे. पालघर जिल्ह्याच्या जव्हार तालुक्यातील दाभोसा हे गाव शहरवासीयांना धबधब्यामुळे ठाऊक असते. एडीएसएलची उपयुक्तता टेलिफोन केंद्रापासून साधारण पाच किलोमीटर तारेपर्यंतच टिकते. जव्हार शहर दाभोशापासून त्याहून कितीतरी दूर. दऱ्याखोऱ्यांच्या अशा मुलखात भिस्त मोबाइलवर राहते आणि तेथेही तीच विषमता भेटते. मनोऱ्याचा प्रक्षेपक शक्तिशाली, हातातील फोनचा दुबळा. त्यामुळे डोंगराआड आधी तुटते ते फोनकडून मनोऱ्याकडे जाणारे चित्र. पलीकडचा चेहरा पडद्यावर दिसतच राहतो.

३६ हजार किलोमीटर उंचीवरील भूस्थिर उपग्रह डोंगर ओलांडतो. पण वर जाऊन खाली येण्यातच पाव सेकंदाच्या आसपास जातो. प्रश्न जाऊन उत्तर परतेपर्यंत अर्धा सेकंद उलटतो आणि दोघेही एकाच वेळी बोलू लागतात. सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांमुळे हा विलंब नगण्य होतो, मात्र त्यासाठी मोकळे आकाश दाखवणारी जागा आणि अखंड वीज हवी.

नातवंडांच्या गप्पा उद्यावर ढकलता येतात. आजाऱ्याची तपासणी येत नाही. केंद्र सरकारच्या ई-संजीवनी सेवेत आरोग्य केंद्रातील रुग्णाला दूरचा डॉक्टर व्हिडिओवरून तपासतो. श्वास घेताना बाळाची छाती आत ओढली जाते का, त्वचेवरील चट्टा कोणत्या रंगाचा आहे, हे पाहायचे असते शहरातील डॉक्टरला. चित्र पाठवायचे असते गावाला. अशा केंद्राची जोडणी तपासताना पडद्यावर डॉक्टर स्पष्ट दिसतो एवढ्यावर न थांबता, डॉक्टरला रुग्ण कसा दिसतो हे त्यालाच विचारावे लागते.