तेरेखोलच्या पलीकडे

पेडणे तालुक्यातील मोपा येथे ५ जानेवारी २०२३ रोजी प्रवासी विमानवाहतूक सुरू झाली. मांद्रे, धारगळ, डिचोली किंवा साखळी येथील एखाद्या विद्यार्थ्याला दूरच्या विद्यापीठात एक सत्र शिकून परत यावयाचे असेल, तर त्या प्रवासाचा आरंभ आता जवळजवळ त्याच्या उंबरठ्यावरून होऊ शकतो. जाणे सोपे झाले आणि येणेही सोपे झाले. परंतु याच भूमीच्या इतिहासात असा एक दीर्घ काळ होऊन गेला की, शिक्षणासाठी परदेशी जाणे म्हणजे केवळ एक नदी ओलांडणे होते, आणि शिकून घरी परतणे मात्र त्या मानाने फार कठीण होते. ते कठीण का होते, हे समजून घेतले म्हणजे परतण्याचा खरा अर्थ काही अंशी ध्यानात येतो.

गोव्यातील तिसवाडी, बारदेश व सासष्टी हे प्रदेश सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. त्यांना जुन्या काबिजादी म्हणत. पेडणे व डिचोली हे महाल त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळाने पोर्तुगीजांना मिळाले. डिचोली १७८१ साली घेतली गेली आणि पेडणे १७८८ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे आले. या नव्या काबिजादींत राज्य बदलले, तरी लोकजीवन फारसे बदलले नाही. पेडण्याच्या उत्तरेस तेरेखोल नदी आणि तिच्या पलीकडे आरोंदे, बांदे, सावंतवाडी. डिचोलीहून वर चढून गेले की दोडामार्ग. सोयरिकी त्या बाजूच्या, बाजार त्या बाजूचा, कीर्तनकार आणि दशावतारी मंडळ्याही त्याच बाजूच्या. सरकारी नकाशावर तो परदेश होता. घरच्या व्यवहारात तो शेजार होता.

शिक्षणाचा प्रश्न आला की मात्र हा शेजार खरोखरीचा परदेश होऊन बसे. पणजीस १८४२ साली वैद्यकीय विद्यालय निघाले आणि १८५४ साली लिसेव, म्हणजे सरकारी माध्यमिक विद्यालय, स्थापन झाले. या दोन्ही ठिकाणची भाषा पोर्तुगीज होती. पेडणे-डिचोलीच्या हिंदू घरांतील मुलगा पंतोजींकडे बाळबोध आणि मोडी गिरवी, अंकगणित पाठ करी आणि पोथी वाचावयास शिके. तेथून पुढे दोन वाटा फुटत. पोर्तुगीज शिकून पणजीस, आणि ऐपत असल्यास लिस्बन किंवा कोईंब्रा येथे जावयाचे, ही एक. तेरेखोल ओलांडून सावंतवाडी, बेळगाव, कोल्हापूर किंवा वेंगुर्ल्याहून आगबोटीने मुंबई गाठावयाची, ही दुसरी. मुंबईस १८५७ साली विद्यापीठ स्थापन झाल्यावर या दुसऱ्या वाटेचे आकर्षण वाढले. पहिली वाट थोड्यांचीच होती. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि हिंदूंना समान नागरी हक्क मिळाले, त्यानंतर तीही थोडी रुंदावली. परंतु मराठीत वाढलेल्या मुलाला मुंबईच अधिक जवळची वाटे.

अडचण होती ती परत येण्याची. मुंबईची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झालेला तरुण गावी परतला, तर त्याच्या विद्येला तेथे कोठे जागा नसे. राज्यकारभार पोर्तुगीज भाषेत चाले, न्यायालये पोर्तुगीज भाषेत चालत, आणि याचे शिक्षण मराठी व इंग्रजीत झालेले असे. शेती-बागायत सांभाळणे किंवा वडिलांच्या दुकानावर बसणे हाच मार्ग उरे. त्यासाठी मॅट्रिक होण्याची आवश्यकता नव्हती. म्हणून तो मुंबईस राही, चवथीला घरी येई, मे महिन्यात आंबे-फणसांच्या दिवसांत येई आणि पुन्हा नदी ओलांडून जाई. गावाच्या वाट्याला त्याची मनिऑर्डर येई, त्याची विद्या येत नसे.

या कथेतील सर्वांत तेजस्वी नाव पेडणे महालातीलच आहे. डॉ. भाऊ दाजी लाड हे मूळचे मांद्र्याचे. ते बालपणीच मुंबईस गेले आणि एल्फिन्स्टन संस्थेत शिकले. १८४५ साली स्थापन झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधून १८५१ साली पदवीधरांची जी पहिली तुकडी बाहेर पडली, तीत ते होते. वैद्यक हा त्यांचा व्यवसाय आणि प्राच्यविद्या हा त्यांचा ध्यास. अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेखांचे वाचन, जुन्या नाण्यांचा आणि ताम्रपटांचा अभ्यास, मुलींच्या शाळांचा पुरस्कार, अशा अनेक कार्यांत त्यांनी स्वतःला वाहून घेतले. ते दोनदा मुंबईचे शेरीफ झाले आणि १८७४ साली मुंबईतच निवर्तले. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयास १९७५ साली त्यांचे नाव देण्यात आले. मुंबईने त्यांना घडविले आणि त्यांनी मुंबईला घडविले. परंतु त्यांच्या विद्येचा, त्यांच्या औषधांचा, त्यांच्या मुलींच्या शाळांचा लाभ मांद्र्याला झाला नाही. यात त्यांना दोष देता येत नाही. त्या काळच्या मांद्र्यात अशा माणसाला करण्याजोगे काम उपलब्धच नव्हते.

पुढच्या पिढीत डिचोलीच्या एका मुलाने या जाण्याचाच इतिहास लिहिला. वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर यांचा जन्म १८७७ साली डिचोली येथे झाला. शणै गोंयबाब या नावाने ते पुढे प्रसिद्धीस आले. पहिली अक्षरे त्यांनी गावी मराठीत गिरविली. इंग्रजी शिक्षण मुंबईस झाले आणि मुंबईतीलच इटालियन वकिलातीत त्यांनी नोकरी केली. कोकणी भाषेविषयीची त्यांची मते महाराष्ट्रात पुष्कळांना मान्य झाली नाहीत, परंतु त्यांच्या एका ग्रंथाचे मोल कोणीही मान्य करील. १९२८ साली प्रसिद्ध झालेला तो ग्रंथ म्हणजे गोंयकारांची गोंयांभायली वसणूक. गोमंतकीय लोक आपली भूमी सोडून कोठे कोठे गेले आणि कसे वसले, याची ती हकीकत आहे. ज्याला स्वतःला कायमचे परतता आले नाही, त्याने परागंदा झालेल्यांची वंशावळ मांडून आपल्या भूमीचे ऋण फेडले. लेखणीच्या द्वारे घडलेले हे परतणे होय.

पेडणे-डिचोलीच्या सीमेबाहेरचे, पण गोमंतकातलेच, आणखी एक उदाहरण या संदर्भात डावलता येणार नाही. सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९च्या डिसेंबरात पत्नी व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून विद्येसाठी बाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी करीत ते १९०२ साली सिंहलद्वीपास पोचले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पाली भाषा शिकले. पुढे ब्रह्मदेशातही राहून १९०६ साली, सात वर्षांनी, ते गोव्यास घरच्या माणसांत आले. कलकत्त्यास त्यांना पाली शिकविण्याचे काम मिळाले आणि वेतनही उत्तम ठरले. परंतु आपण मिळविलेली विद्या आपल्या लोकांत, आपल्या भाषेत मांडावी, ही त्यांची तळमळ होती. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी महाराष्ट्रात राहून ग्रंथरचना करावी एवढ्या अटीवर दरमहा ५० रुपये देऊ केले, तेव्हा कलकत्त्याचे अनेक पटींचे वेतन सोडून ते इकडे आले. १९१० ते १९१२ या काळात ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी जाऊन आले आणि त्यानंतर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले.

परतल्यावर त्यांनी मागे वळून पाहिले. त्यांचे निवेदन हे आत्मवृत्त १९१२ पासून गोव्यातील भारत या पत्रात क्रमशः प्रसिद्ध झाले आणि १९२४ साली पुस्तकरूपाने निघाले. सिंहलद्वीपातील अनोळखी अन्न, भिक्षूंचा सहवास, घरची ओढ, हे सारे प्रथम गोव्याच्याच वाचकांपुढे आले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्यांच्यातून ते उठून गेले होते, त्यांनाच त्यांनी आपल्या प्रवासाचा हिशेब दिला. आणि यातील ५० रुपयांची गोष्टही विसरू नये. धर्मानंदांची इच्छा कितीही प्रबळ असली, तरी कोणीतरी त्या इच्छेला पाय टेकण्यापुरती जागा करून दिली, म्हणून पालीची विद्या मराठीत आली.

पेडण्यास १८९४ साली जन्मलेल्या पांडुरंग सखाराम पिसुर्लेंकर यांनी मात्र वेगळाच मार्ग धरला. त्यांनी राज्यकर्त्यांची भाषा आत्मसात केली आणि पणजीच्या दप्तरखान्यात ते जाऊन बसले. पुढे कित्येक वर्षे, १९६१ पर्यंत, ते त्या दप्तराचे प्रमुख होते. लिस्बनशी चाललेला पत्रव्यवहार, तहनामे, वकिलांचे अहवाल यांच्या ढिगाऱ्यातून त्यांनी मराठ्यांचा इतिहास उपसून काढला. तो प्रथम पोर्तुगीज भाषेत प्रसिद्ध झाला. पोर्तुगेज-मराठे संबंध या नावाने १९६७ साली पुणे विद्यापीठाने तो मराठीत प्रकाशित केला. परक्या भाषेतील विद्या घरी आणावयाची तर दर वेळी समुद्र ओलांडावाच लागतो असे नाही, हे पेडण्याच्या या संशोधकाने दाखवून दिले. येथेही परतण्याची क्रिया झालीच; पोर्तुगीजमध्ये गेलेला मजकूर मराठीत परत आला.

त्यानंतर नदी ओलांडणेही दुष्कर झाले. १९५४ पासून गोव्याच्या हद्दीवर निर्बंध वाढत गेले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडणे महालाच्या तोंडाशी, पत्रादेवी येथे, निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि कर्नेलसिंग बेनिपाल यांच्यासारखे तरुण धारातीर्थी पडले. त्यानंतर भारत सरकारने हद्द बंद केली. ज्या पायवाटेने मुलगा चवथीला घरी येई, तिच्यावर पहारा बसला. बाहेर शिकणाऱ्यांना घर दुरावले आणि घरी असणाऱ्यांना शाळा दुरावली. ही अवस्था १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला तेव्हा, संपली.

मुक्तीनंतर पणजीस १९६२ साली धेंपे महाविद्यालय निघाले. डिसेंबर १९६३ मध्ये अधिकारावर आलेल्या दयानंद बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने खेड्याखेड्यांत मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. १९८५ साली गोवा विद्यापीठ स्थापन झाले. साखळीस सरकारी महाविद्यालय झाले. पेडणे तालुक्यात विर्नोडा येथे जे सरकारी महाविद्यालय आहे, त्याला संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे नाव दिलेले आहे. ज्या बांद्याकडे जाणे एके काळी परदेशगमन ठरत होते, त्या बांद्याशी या संतकवीचे जीवन निगडित होते. नदीच्या दोन्ही तीरांचा जुना संबंध अशा रीतीने एका विद्यालयाच्या नावात पुन्हा जोडला गेला आहे. या शाळा-महाविद्यालयांनी मुलांची पायपीट वाचविली, हे तर झालेच. त्याहून मोठी गोष्ट अशी की, शिकून आलेल्या माणसाला शिक्षक, डॉक्टर, अधिकारी म्हणून आपल्याच महालात काम मिळू लागले. शंभर-सव्वाशे वर्षे जी विद्या तेरेखोलच्या पलीकडे थांबून राहत होती, तिला या तीरावर उतरता आले.

या सर्व इतिहासात गाव सोडून जाणाऱ्यांचे कौतुक भरपूर झाले आहे आणि ते योग्यच आहे. भाऊ दाजींच्या बुद्धीला मांद्र्यात राहून पंख फुटले नसते. परंतु परतण्याचा विचार करताना केवळ जाणाऱ्याच्या निष्ठेकडे बोट दाखवून भागत नाही. धर्मानंद परतले, कारण सयाजीरावांनी ५० रुपयांची सोय केली होती. मुंबईचा मॅट्रिक झालेला पेडण्याचा तरुण परतला नाही, कारण त्याच्यासाठी कोणी काहीच राखून ठेवले नव्हते. आज मोप्याला उतरणारा विद्यार्थी एका सत्राची विद्या, एखादी नवी भाषा, काही नवे प्रश्न घेऊन येतो. त्याचे सामान घरी पोचावयास अर्धा तासही लागत नाही. त्याची विद्या घरी पोचणार की पुढच्याच विमानाने परत जाणार, हे ठरविण्यात त्याच्या गावाचाही वाटा असतो.