मशिदीत आरओ बसवताय? ठेकेदाराचे कागद आधी बघा
मशिदी-मदरशांत चंद्यातून आरओ बसतो, ठेकेदार बहुतेक ओळखीतला. पण पैसा अमानत आहे, कागद मागायला संकोच कसला? शहरात महापालिकेच्या नळजोडणीला हात लावायचा तर परवानाधारक प्लंबर, पंपाच्या नव्या वायरिंगला परवानाधारक वीज ठेकेदार. नुसता जीएसटी नंबर म्हणजे कामाचा परवाना नव्हे. दोन्ही परवान्यांच्या मुदतीची तारीख बघा, झेरॉक्स कमिटीच्या फाईलला लावा.

त्याआधी पाणी लॅबमध्ये तपासून घ्या, असं आम्ही सुचवू. आयएस 10500 नुसार टीडीएस लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत ठीक. दुसरं पाणीच नसेल तर 2000 पर्यंत. टीडीएस कमी असेल तर आरओ हवाच कशाला? जंतूंची तपासणी मात्र वेगळी करावी लागते. सीलबंद बाटल्या विकायच्या असतील तर एफएसएसएआयचा परवानाही लागेल.