फोटो काढावा, हात लावू नये

वन्यप्राण्यांचा एखादा जबरदस्त फोटो पाहिला की सगळे विचारतात, कॅमेरा कुठला? मला आधी दुसरंच विचारावंसं वाटतं. फोटो काढणारा उभा कुठे होता? किती लांब? या छंदाचा सगळा इतिहास म्हणजे माणूस आणि जनावर यांच्यात किती अंतर असावं याचा इतिहास आहे, असं माझं मत झालंय. आणि सध्या आमच्या वसई-विरारच्या पोरांकडून घरच्या ग्रुपवर जे फोटो येतात, त्यात हे अंतर संपत चाललंय. हातात धरलेली धामण, काठीवर लटकवलेली घोणस आणि शेजारी हसरा चेहरा. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे शिकारीचे फोटो आठवून बघा. जुन्या वाड्यांच्या भिंतींवर ते अजून दिसतात. मेलेला वाघ, त्याच्यावर पाय ठेवून साहेब नाहीतर महाराज, मागे हाकारे घालणारी माणसं. जनावर मेल्यावरच फोटोत यायचं. सापांना तर तेवढाही मान नव्हता. १८७०च्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस देई, आणि वर्षाला सरासरी दोन लाखांहून अधिक फुरशी मारली जात. एवढं करूनही फुरसं काही संपलं नाही. कोकणच्या कातळावर, दगडांखाली ते आजही आहे.

हे चित्र बदलणाऱ्यांत एक नाव महत्त्वाचं, एफ. डब्ल्यू. चॅम्पियन. हा इंग्रज वनाधिकारी उत्तरेकडे संयुक्त प्रांतात नोकरीला होता आणि त्याला शिकारीचा तिटकारा होता. जनावरांच्या वाटेवर तो तार बांधून ठेवायचा. रात्री वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश उडायचा आणि फोटो निघायचा. म्हणजे वाघाने स्वतःच काढलेला फोटो म्हणा ना! १९२५ साली हे फोटो लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आले, १९२७ साली त्याचं पुस्तकही निघालं. जिम कॉर्बेटनाही बंदूक सोडून कॅमेऱ्याकडे वळायची प्रेरणा त्याच्याकडूनच मिळाली. यातली गंमत अशी, की हिंदुस्थानातल्या जिवंत वाघाचे ते गाजलेले फोटो निघाले तेव्हा जवळपास माणूसच नव्हता.

तीच युक्ती आज आपल्या दाराशी आली आहे. कॅमेरा ट्रॅप म्हणतात तो हाच. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे असतात, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. असेच फोटो ताडून २०१५ साली संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि आसपासच्या परिसरात ३५ बिबटे मोजले गेले, एकालाही हात न लावता. खाडीच्या अलीकडचा नागला भाग आणि २००३ साली अभयारण्य झालेलं आपलं तुंगारेश्वर ही त्याच जंगलाची पुढची टोकं. बिबट्याला तालुक्याची हद्द कुठे माहीत असते!

मार्च २०२४च्या अखेरीस तर बिबट्या थेट वसईच्या किल्ल्यात दिसला. चिमाजी अप्पांच्या मोहिमेनंतर एवढी खळबळ किल्ल्याने पाहिली नसेल! वनखात्याने कॅमेरे आणि पिंजरे लावले, आणि साधारण २५ दिवसांनी तो पिंजऱ्यात सापडला. तेवढे दिवस त्याला शोधण्याचं काम त्या मुक्या कॅमेऱ्यांनी केलं. त्याला 'बघायला' म्हणून संध्याकाळी निघालेल्या उत्साही मंडळींचा उपयोग काय, तर गर्दी वाढवण्यापुरता.

बिबट्याजवळ कुणी सहसा जात नाही. खरा धोका लहान जनावरांचा. आमच्याकडे जुनी माणसं रात्री सापाचं नाव घेत नसत, 'लांबडं' म्हणत. ती नुसती अंधश्रद्धा म्हणून सोडून देऊ नका, त्यात चार हात लांब राहण्याची शिकवणही होती. मण्यार आणि बिनविषारी कवड्या दिसायला इतके सारखे, की भलेभले फसतात. त्यात मण्यार चावलेली कित्येकदा कळतही नाही. मेलेल्या सापाचं तुटलेलं डोकंसुद्धा काही वेळ चावू शकतं. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनते. कोळ्यांच्या जाळ्यात येणाऱ्या समुद्रसापावर ती चालत नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशाने गेली, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. शिवाय १९७२च्या वन्यजीव कायद्याने साप पकडून मिरवणं गुन्हा आहे, तो वेगळाच.

विंचवाचंही तेच. कोकणातला लाल विंचू चावला की पूर्वी इस्पितळात आणलेल्यांतलेही शंभरात तीस-चाळीस जण दगावत. महाडजवळ बिरवाडीला सरकारी दवाखान्यात असलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी एकेका रोग्याच्या उशाशी बसून टिपणं काढली. त्यांचा लेख १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे त्यांनी रक्तदाबावरचं प्रॅझोसिन वापरून हे मरण शंभरात एकापर्यंत खाली आणलं. एका माणसाने अशी आयुष्याची वर्षं घातली, तेव्हा कुठे आपण वाचायला लागलो. उगाच विंचू तळहातावर घेऊन त्या कष्टांची परीक्षा कशाला पाहायची?

आता समुद्राकडे. पोर्तुगीज १७३९ साली वसईतून गेले, पण एक 'पोर्तुगीज' पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर अजून येतो. निळी, फुगवलेल्या पिशवीसारखी दिसणारी ही चीज. जुन्या लढाऊ जहाजावरून तिला 'पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर' म्हणतात. हा एक प्राणी नसून अनेक जिवांची वसाहत आहे. वाळूत सुकत पडलेली असली तरी तिचे निळे धागे डंख मारतात. ऑगस्ट २०१८मध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर अनेकांनी हा अनुभव घेतला. लहान मुलांना तो रंग फार आवडतो, म्हणून अर्नाळा, राजोडीला नातवंडांना नेणाऱ्यांना हे मुद्दाम सांगतोय. पाकटाच्या शेपटीचा काटाही तसाच वाईट. आपले कोळी जाळं उपसताना आधी तोच छाटून टाकतात.

तेव्हा भाचरांनो, पुतण्यांनो, फोटो जरूर काढा. तुमचे मोबाइल चॅम्पियनच्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी चांगले आहेत. वाडीत लांबडं निघालं तर लांबूनच झूम करून टिपा, त्याला जायला वाट द्या, आणि घरात शिरलं असेल तर वनखात्याला कळवा. चावलंच तर बांधणं-कापणं, मांत्रिक वगैरे काही नको, हातपाय न हलवता सरळ मोठं इस्पितळ गाठायचं. आणि ग्रुपवर फोटो टाकलात की मी विचारणारच आहे, किती लांबून काढलास?