पाइप रॉक
१. पाइप रॉक : स्कॉटलंडच्या वायव्य भागातील पांढुरक्या क्वार्ट्झाइट खडकाचा थर. कँब्रियन कालखंडाच्या आरंभकाळी, सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी, उथळ समुद्रात साचलेल्या वाळूपासून तो बनला. त्या वाळूत उभी बिळे करून राहणाऱ्या कृमिसदृश प्राण्यांच्या खुणा त्यात दाटीवाटीने आढळतात. खडकाच्या उभ्या छेदात त्या थराला काटकोनात असलेल्या, एकमेकींना समांतर नळ्यांसारख्या दिसतात. थराच्या पृष्ठभागावर मात्र नुसते वाटोळे ठिपके उमटलेले असतात. काही नळ्यांचे वरचे तोंड नरसाळ्यासारखे पसरट असते.

प्राण्यांची मऊ शरीरे टिकली नाहीत. रिकाम्या बिळांत वाळू भरली आणि ती भोवतालच्या वाळूबरोबर घट्ट झाली, म्हणून बिळांचा आकार तेवढा उरला. अशा जीवाश्मांना प्राण्यांपासून स्वतंत्र नावे देतात, कारण एकच प्राणी निरनिराळ्या खुणा करू शकतो आणि वेगवेगळ्या प्राण्यांची बिळे सारखी असू शकतात. येथील साध्या उभ्या नळ्यांचे ‘स्कोलिथॉस’ हे नाव त्यामुळे बिळाचे आहे, प्राण्याचे नव्हे.

या नळ्या मुळात थराला लंब होत्या, हे भूवैज्ञानिकांच्या फार उपयोगी पडते. पर्वतनिर्मितीच्या वेळी मॉइन थ्रस्ट या मोठ्या प्रस्तरभंगावरून पूर्वेकडील खडक पश्चिमेकडे सरकले. त्याच्या लगतच्या पट्ट्यात, उदाहरणार्थ लॉक एरिबॉलच्या परिसरात, नळ्या तिरप्या व चपट्या झालेल्या आढळतात. त्यांचा कल मोजून खडक किती विरूपित झाला, याचा अंदाज बांधता येतो.