वाघाची दुसरी कूस

तीन वर्षांपूर्वी एका परिषदेच्या निमित्ताने नैनितालला जाणे झाले. परतीच्या वाटेवर रामनगरला उतरून कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात एक सकाळ काढली. बिजरानीच्या रानात, साडेसातच्या सुमारास, एक वाघीण वाटेच्या डाव्या हाताने निघाली, मातीचा वास घेत शंभर पावले चालली आणि लँटानाच्या झुडपांत शिरली. मी अकरा छायाचित्रे घेतली. मोठ्या अभिमानाने त्यांतले सर्वोत्तम एका वन्यजीव संशोधक स्नेह्याकडे पाठवले. उत्तरादाखल एकच प्रश्न आला : ‘‘उजवी कूस आहे. डावी आहे का?’’

डावी नव्हती. त्या प्रश्नामागे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे, हे मला नंतर वाचताना कळले. आपल्या देशात वाघ किती, या प्रश्नाचे उत्तर देण्याची जी रीत आज आपण वापरतो, ती प्रवासात, रानवाटांवर, कॅमेऱ्याशी केलेल्या खटपटींतून जन्मली आहे.

आरंभ फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन या वनाधिकाऱ्यापासून करावा लागतो. त्यांचे थोरले बंधू हॅरी चॅम्पियन हे भारतीय वनांच्या वर्गीकरणामुळे वनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतात. धाकट्याचे नाव मात्र विस्मृतीत गेले. तत्कालीन संयुक्त प्रांतात, शिवालिकच्या पायथ्याच्या जंगलांत, त्यांची नेमणूक होती. ज्या काळात साहेबाने वाघ पाहिला म्हणजे बंदूक उचललीच, त्या काळात या गृहस्थाने कॅमेरा उचलला. वाघ हा रात्री हिंडणारा प्राणी. त्याच्यासमोर उभे राहून चित्र घेणे अशक्यप्राय, म्हणून त्यांनी वाघालाच स्वतःचे चित्र घ्यायला लावले. रानवाटेवर आडवी बारीक तार ताणलेली. तिला पाऊल लागले की विद्युत्‌मंडल पूर्ण होऊन मॅग्नेशियमची पूड भडके आणि त्याच क्षणी पडदा उघडे. भौतिकीच्या विद्यार्थ्यांनी क्षणभर थांबून यातली अडचण ध्यानात घ्यावी. पुडीचा भडका क्षणभंगुर असतो. पडदा थोडा आधी उघडला तर काळोख, थोडा उशिरा उघडला तरीही काळोख. हे सारे माणूस जवळ नसताना, दवात भिजलेल्या जंगलात, नेमके जुळून यायला हवे.

१९२७ साली त्यांचे ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक निघाले. त्यात वाघ आहेत, बिबटे आहेत, अस्वले आहेत. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती एक नोंद. चित्रे शेजारी शेजारी ठेवल्यावर चॅम्पियनना दिसले, की दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. चित्रावरून वाघ ओळखता येतो. आज ही गोष्ट शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पण शिकाऱ्यांनी हजारो वाघ मारून, कातडी भिंतींवर टांगूनही जे कामाला लावले नाही, ते जिवंत वाघांची मोजकी चित्रे पाहणाऱ्याने कामाला लावले.

जिम कॉर्बेट यांनी बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे वळण्याचे श्रेय चॅम्पियन यांना दिले आहे. कॉर्बेटना चलच्चित्र हवे होते, आणि त्या कॅमेऱ्याची घरघर ऐकून वाघ बिचके. त्यांनी रानातल्या पाण्याच्या प्रवाहावर लहान लहान बंधारे घातले, म्हणजे पडणाऱ्या पाण्याच्या आवाजात यंत्राचा आवाज बुडून जाईल. ध्वनिशास्त्रात आपण ज्याला मास्किंग म्हणतो, ते त्यांनी दगडमातीने साधले. (प्रयोगशाळेत गोंगाट कमी करण्यासाठी मी आजवर केलेल्या खर्चाचा विचार या ठिकाणी मनात येतो.)

चॅम्पियनची नोंद मात्र कित्येक दशके तशीच पडून राहिली. १९६३ ते १९६५ या काळात कान्हाच्या जंगलात राहून जॉर्ज शॅलर यांनी वाघ आणि हरणे यांचा जो अभ्यास केला, त्यात त्यांनी चेहऱ्यावरच्या खुणांवरून एकेक वाघ ओळखला. परंतु देशव्यापी मोजणीची वेळ आली तेव्हा सरकारने वेगळा मार्ग धरला. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी साठच्या दशकात पाऊलठशांची पद्धत घडवली होती. मातीतल्या ठशावर काच धरायची, काचेवर ठसा गिरवायचा, तो कागदावर उतरवायचा आणि ठशांच्या आकारावरून वाघ वेगळे करायचे. १९७२ च्या प्रगणनेत देशात १,८२७ वाघ असल्याचे जाहीर झाले आणि पुढच्याच वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. या पद्धतीची थट्टा करण्याचा आता प्रघात पडला आहे. मला ती थट्टा अन्यायाची वाटते. हजारो वनरक्षक दिवसचे दिवस पायी हिंडून माग काढत. त्यांचे कष्ट खोटे नव्हते. खोटे होते ते गृहीतक : की रानातल्या प्रत्येक वाघाचा ठसा सापडतोच, आणि एकाच वाघाचा ठसा मऊ मातीत आणि कोरड्या धुळीत सारखाच उमटतो.

आमच्या क्षेत्रात कोणी मापन सांगितले आणि त्यासोबत त्रुटीची मर्यादा सांगितली नाही, तर त्याला कोणी उभे करत नाही. १,८२७ या आकड्यापुढे कमी-अधिकचे चिन्ह नव्हते. २००१-०२ च्या ३,६४२ या आकड्यापुढेही नव्हते.

याच मुद्द्यावर उल्लास कारंथ अनेक वर्षे भांडत होते. शिक्षणाने ते मूळचे यांत्रिकी अभियंता. वन्यजीवशास्त्राकडे नंतर वळले. नव्वदच्या दशकात कर्नाटकातील नागरहोळे येथे त्यांनी चॅम्पियनची युक्ती नव्या साहित्यानिशी पुन्हा उभी केली. तारेच्या जागी अवरक्त किरण, पुडीच्या जागी इलेक्ट्रॉनिक फ्लॅश, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक कॅमेरा. दोन का? वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात. एकाच बाजूने चित्र घेतले, तर एका वाघाचे दोन होऊ शकतात. माझ्या स्नेह्याचा प्रश्न इथून आलेला.

परंतु कॅमेरा हे अर्धेच काम. जे वाघ चित्रात आलेच नाहीत, त्यांचे काय? येथे एक जुनी गणिती युक्ती कामी येते. समजा, पहिल्या फेरीत आपण २० वाघ ओळखले. दुसऱ्या फेरीत १८ दिसले आणि त्यांतले १२ आधी पाहिलेले निघाले. म्हणजे दुसऱ्या फेरीतल्या वाघांपैकी दोन तृतीयांश ओळखीचे. मग पहिल्या फेरीतले २० हेदेखील एकूण संख्येच्या साधारण दोन तृतीयांश असणार. एकूण वाघ सुमारे ३०. न दिसलेल्यांची मोजणी दिसलेल्यांच्या पुनर्भेटीवरून होते. जन्मनोंदींच्या आधारे फ्रान्सची लोकसंख्या अजमावताना लाप्लासने याच जातीचा विचार केला होता. प्रत्यक्षात गणित इतके सोपे नसते. काही वाघ वाट टाळतात, काही कॅमेऱ्याला बिचकतात, आणि ती शक्यताही हिशेबात धरावी लागते. १९९५ मध्ये कारंथ यांनी नागरहोळेचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ जेम्स निकल्स यांच्यासह पेंच, कान्हा, नागरहोळे आणि काझीरंगा यांचे आकडे आले : दर १०० चौरस किलोमीटरला पेंचमध्ये ४.१, काझीरंगात १६.८ वाघ. प्रत्येक आकड्यापुढे त्रुटीची मर्यादा होती.

सरकारी पद्धत तरीही बदलली नाही. ती बदलायला सरिस्का लागले. राजस्थानातील या अभयारण्यात कागदोपत्री वाघ होते. २००५ च्या आरंभी उघड झाले, की रानात एकही उरलेला नाही. चोरट्या शिकाऱ्यांनी ते संपवले होते आणि मोजणीला त्याचा पत्ता नव्हता. पंतप्रधानांनी कृतिदल नेमले, पाऊलठशांची गणना बाजूला ठेवण्यात आली, आणि २००६ च्या पहिल्या नव्या अंदाजात देशभरातले वाघ भरले १,४११. जुन्या ३,६४२ च्या शेजारी तो आकडा ठेवला, की अंगावर काटा येतो. यांतले किती वाघ मेले आणि किती कधी नव्हतेच, हे सांगणे आता कोणाच्याही हाती नाही. मापन चुकल्याची ही किंमत आहे : हानी झाली, हे कळते, केव्हा आणि केवढी झाली, हे कळत नाही.

२०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ३ कोटी ४८ लाखांहून अधिक चित्रे मिळाली. गिनीजने विक्रम म्हणून त्याची नोंद घेतली. विक्रम श्रमांचा असतो, अचूकतेचा नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे. जिथे कॅमेरे नव्हते तिथले वाघ कसे अजमावले, यावर जाणकारांत आजही वाद आहे, आणि तो असावा. मला त्या साठ्यातली दुसरीच गोष्ट खुणावते. त्यात वाघांची चित्रे केवळ ७६,६५१. म्हणजे हजारांत दोनच. उरलेल्यांत बिबटे, चितळ, सांबर, रानडुकरे आणि वाटेने जाणारी माणसे. प्रत्येक चित्रावर दिवस आणि वेळ कोरलेली. वाघ निघून गेल्यावर सांबर किती वेळाने त्या वाटेवर पाऊल टाकते? माणसांची वर्दळ वाढली की बिबट्या रात्रीकडे किती सरकतो? वाघ मोजण्यासाठी लावलेल्या यंत्राने या प्रश्नांची सामग्री आपोआप गोळा केली आहे.

२०२२ चा अंदाज ३,६८२ आहे. २००१-०२ च्या आकड्याहून अवघ्या ४० ने अधिक. पण या वेळी त्याच्या आगेमागे मर्यादा छापलेल्या आहेत.

माझ्या वाघिणीचे पुढे काय झाले, असे कोणी विचारेल. उजवी कूस संग्रहातल्या चित्रांशी ताडून पाहता येईल, असे स्नेह्याने कळवले. मात्र तारीख आणि वेळ हवी. मी मूळ फाइल उघडली. परदेशातून आल्यावर कॅमेऱ्याचे घड्याळ बदलायचे राहून गेले होते, आणि कोणत्या देशाची वेळ त्यात होती, हे मला आठवेना. सकाळच्या उन्हात चालणाऱ्या त्या वाघिणीच्या चित्रावर पहाटेचे दोन वाजून दहा मिनिटे अशी नोंद आहे.