डोंगरातील मिठागर

मीठ म्हटले की आम्हां कोकणच्या माणसांच्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो. भरतीचे पाणी, खाडीकाठचे बांध, उन्हात चकाकणारे वाफे आणि त्यांच्या कडेला रचलेल्या पांढऱ्या राशी, हे चित्र इतके परिचयाचे आहे की समुद्रावाचून मिठागर असू शकेल, ही कल्पनाच सहसा मनात येत नाही. म्हणून गेल्या वर्षी जुलै महिन्यात पेरू देशातील मारास या गावाजवळचे मिठागर मी प्रथम पाहिले, तेव्हा काही वेळ डोळ्यांवर विश्वास बसेना. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच. त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर, अँडीज पर्वताच्या एका अरुंद घळीत, उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी हजारो वाफे मांडलेले होते. आपल्या घाटातील भातखाचरे कोणी पांढऱ्या रंगाने भरून टाकावीत, तसे ते दृश्य होते.

प्राचीन इंका राजांची राजधानी कुस्को येथून हे स्थळ सुमारे चाळीस किलोमीटरांवर आहे. घळीच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पोटातून एक लहानसा झरा बाहेर पडतो. तेथील लोक त्यास ‘कोरीपुहिओ’, म्हणजे सोन्याचा झरा, असे म्हणतात. नाव ऐकून प्रवाह मोठा असावा असे वाटते. प्रत्यक्षात तो एखाद्या शेताच्या पाटाएवढाच आहे. परंतु त्याचे पाणी समुद्राच्या पाण्याहून कितीतरी अधिक खारट. कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या पाण्याने मागे ठेवलेले मिठाचे थर डोंगराच्या पोटात गाडले गेले आहेत. भूमीत मुरलेले पाणी त्या थरांतून वाट काढते आणि मीठ विरघळवून येथे वर येते.

या एका झऱ्यावर तीन हजारांहून अधिक वाफे पोसले जातात. वाफा फार मोठा नसतो. चारपाच माणसे दाटीने बसतील एवढा, आणि खोली वीतभर. मुख्य पाटातून लहान पाट, त्यांतून आणखी लहान पाट, असे पाणी केवळ उताराच्या बळावर खाली उतरते. ज्याचा वाफा भरावयाचा तो आपल्या वाफ्याचे तोंड उघडतो, आणि वाफा भरला की मातीने व दगडाने बुजवून पाणी पुढे सोडतो. उन्हाने पाणी आटते, तळाशी मीठ धरते. दर काही दिवसांनी पुन्हा पाणी घ्यावयाचे, पुन्हा आटू द्यावयाचे. असे सुमारे महिनाभर चालले म्हणजे थर खरवडण्याजोगा होतो. वरचे मीठ पांढरे व उत्तम, मधले सामान्य, तळाचे मातीच्या संगतीने तांबूस. हा उद्योग मे ते ऑक्टोबर या कोरड्या महिन्यांत चालतो. पुढे पाऊस लागला की पाणी आटत नाही आणि बांधांची डागडुजी करीत बसावे लागते.

येथवरची हकीकत पाहणाऱ्यास कोणीही सांगेल. इतिहासाच्या अभ्यासकास त्यापुढचा प्रश्न पडतो: हे पाणी कोणाचे? वाफे मारास आणि पिचिंगोतो या दोन गावांतील कुटुंबांचे आहेत. परंतु झरा कोणा एकाचा नाही. वरच्या माणसाने आपले तोंड वेळेवर बुजविले नाही तर खालच्याचा वाफा कोरडा राहतो. म्हणजे हे मिठागर दगडमातीच्या बांधांवर जितके उभे आहे, तितकेच शेजाऱ्यांच्या परस्पर मर्यादेवर उभे आहे.

हे काम इंकांच्याही पूर्वीपासून चालत आले असे मानतात. इंकांच्या काळाविषयी एक साक्ष मोठी लक्षणीय आहे. गार्सिलासो दे ला वेगा हा ग्रंथकार १५३९ मध्ये कुस्को येथे जन्मला. बाप स्पॅनिश सरदार, आई इंका राजकुळातील. विसाव्या वर्षाच्या सुमारास तो स्पेनला गेला, आणि १६०९ मध्ये त्याने आपल्या मातृकुळाचा इतिहास प्रसिद्ध केला. खाऱ्या झऱ्यांचे व समुद्राचे मीठ, नद्यांतील मासे, रानातील फळे या वस्तू त्या त्या प्रांतातील सर्व प्रजेच्या सामाईक होत्या. कोणी एकट्याने त्यांवर हक्क सांगू नये असा राजाचा नियम होता, असे तो लिहितो. गार्सिलासो हा गतवैभवाचा भक्त होता, आणि परदेशात वृद्धपणी आठवलेली जन्मभूमी प्रत्येकास थोडी अधिक न्यायी दिसते, हे ध्यानात ठेवूनच त्याचे म्हणणे घ्यावयास हवे. तथापि आदर्श राज्याचे चित्र काढू लागल्यावर त्याला मीठ सर्वांचे असावे असे वाटले, हेही लहानसहान प्रमाण नव्हे.

पुढे आलेल्या राज्यकर्त्यांस ते तसे वाटले नाही. १८७९ ते १८८३ या युद्धात पेरूचा चिलीकडून पराभव झाला आणि टाक्ना व अरिका हे प्रांत शत्रूच्या ताब्यात राहिले. दहा वर्षांनी तेथे सार्वमत घ्यावयाचे, आणि ज्याच्या बाजूने कौल पडेल त्याने दुसऱ्यास मोठी रक्कम द्यावयाची, असे तहात ठरले होते. ही रक्कम उभी करण्यासाठी १८९६ मध्ये पेरूच्या सरकारने मिठावर कर बसविला. हेतू देशभक्तीचा खरा. पण त्याचे ओझे, ज्यांनी ते प्रांत कधी पाहिलेही नव्हते अशा डोंगरातील शेतकऱ्यांवर पडले. त्याच वर्षी उआंता येथे शेतकऱ्यांनी उठाव केला. सरकारी अधिकाऱ्यांचे प्राण गेले, आणि मग सैन्याने येऊन तो उठाव निर्दयपणे मोडला. सार्वमत तर कधी झालेच नाही. १९२९ मध्ये नव्या तहाने टाक्ना पेरूस परत मिळाले आणि अरिका चिलीकडेच राहिले.

ही कथा वाचताना मराठी वाचकास आपलीच कथा आठवल्यावाचून राहणार नाही. १८८२ च्या कायद्याने मीठ करणे आणि विकणे सरकारच्या मुठीत गेले. १९३० च्या एप्रिलमध्ये दांडीला गांधीजींनी तो कायदा मोडला; मे महिन्यात शिरोड्याला सत्याग्रह झाला, आणि वडाळ्याच्या मिठागरावर लोकांचे लोंढे चालून गेले. मिठावरील कर अखेर १९४७ मध्ये गेला. हा भाग मी पंचवीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. मूठभर मीठ उचलणाऱ्यांची नावे मला पाठ आहेत. परंतु ज्या वाफ्यांतून ते मीठ उचलले, त्यांत वर्षानुवर्षे उन्हात उभे राहणारे आगरी कोण होते, त्यांस मजुरी काय मिळे, कर गेल्यावर त्यांच्या पदरात काय पडले, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांस कधी विचारला नाही, आणि खरे सांगावयाचे तर स्वतःसही विचारला नाही.

तो प्रश्न मला मारासच्या एका वृद्ध बाईने विचारावयास लावला. मिठागराच्या वाटेवर ती मिठाच्या पिशव्या विकीत बसली होती. वाटाड्याच्या मध्यस्थीने, तिच्या केचुआ भाषेतून, आमचे थोडे बोलणे झाले. मिठाला त्या भाषेत ‘काची’ म्हणतात. आमच्याकडे समुद्राच्या पाण्याचे मीठ करतात, हे ऐकून तिला नवल वाटले. तिने विचारले, “मग समुद्राचे पाणी तुमच्याकडे कोण वाटून देतो?” मी हसून म्हणालो, “बाई, समुद्राला काय तोटा! भरती येते आणि वाफे भरतात.” तिला ते पटले नसावे. ती म्हणाली, “पाणी आहे तेथे वाटणारा असतोच.” मी गप्प बसलो. आमच्याकडेही वाटणारा होता. फक्त तो आमच्यापैकी नव्हता, आणि त्याने वाटले ते पाणी नव्हे, फळ.

आज मारासचे मीठ गावकऱ्यांनी मिळून स्थापलेली संस्था विकते. जगभरचे प्रवासी येतात, त्यांच्याकडून प्रवेशशुल्क घेतात. प्रवाशांच्या पायांनी मीठ मळू लागले, तेव्हा २०१९ पासून वाफ्यांमधून हिंडण्यास मनाई झाली. मलाही दुरूनच पाहावे लागले. प्रथम मी थोडा खट्टू झालो. इतक्या लांबून यावे आणि बांधावर पाय ठेवू नये! मागाहून वाटले की हीच गोष्ट योग्य आहे. ते अवशेषांचे प्रदर्शन नव्हे, ते लोकांचे शेत आहे. मात्र येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पैशावर गावाची भिस्त वाढत गेली, तर खरवडण्याचे कष्ट पुढची पिढी कशासाठी घेईल, ही शंका मनातून जात नाही. वाफा कसला तर तो दुरुस्त करता येतो. शेजाऱ्यासाठी तोंड वेळेवर बुजविण्याची सवय एकदा मोडली की ती पुन्हा घालणे कठीण.

राज्ये मिठावर कर बसवितात, ते कर मोडले जातात, आणि आम्ही त्याचा इतिहास लिहितो. मीठ करणारा त्या इतिहासात क्वचितच येतो. परत आल्यावर पहिल्याच सुट्टीत मी शिरोड्याला गेलो. या खेपेस स्मारकापाशी थांबलो नाही. सरळ वाफ्यांकडे गेलो.